भोंडल्याचा हत्ती मे महिन्यातच करायला घ्यावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की मुलांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून कागदाच्या लगद्याच्या वस्तूंच्या कृती येऊ लागतात. बहुतेकींचा मथळा 'एका तासात' किंवा 'एका दुपारी' असा असतो. पेपरमॅशे एका दुपारी होत नाही. कागद चिकटवायला तासभर पुरतो, पण तो वाळायला लागणारे दिवस कृतीत कुणी मोजत नाही, आणि मुलांच्या वस्तू बिघडतात त्या नेमक्या तिथेच. वाकडी झालेली वाटी, आतून कुबट वास येणारा मुखवटा, सोंड गळून पडलेला हत्ती, यांत मुलांच्या हाताचा दोष क्वचितच असतो. म्हणून दिवसांच्या हिशेबासकट सगळे लिहून पाठवत आहोत. सुट्टी लागण्याच्या आत ते छापावे, ही विनंती.

या कामाला ग्वाल्हेरची हवा फार सोयीची आहे. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत इथे कोरडी हवा असते, मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि पाऊस जूनच्या अखेरीपर्यंत येत नाही. हीच वस्तू श्रावणात करायला घेतली तर दुसऱ्या थरालाच बुरशी येते. जानेवारीच्या धुक्यातही तीच गत. आपल्या मराठी घरांत भोंडल्याला पाटावर हत्ती लागतो आश्विनात, आणि तेव्हा शाळा चालू असते, हवेतही ओल असते. त्यामुळे हत्ती मे महिन्यात करून ठेवणे शहाणपणाचे.

आधी कागद. वर्तमानपत्राचा साधा कागद यासाठी उत्तम, कारण तो पाणी चटकन पितो आणि ओला झाला की मऊ पडतो. चकचकीत पुरवण्या बाजूला काढाव्यात. त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप असतो. खळ आत शिरत नाही आणि वाळल्यावर पट्टी पापुद्र्यासारखी सुटून येते. कात्री वापरू नये. कापलेल्या कडेची पायरी रंगाखालूनही दिसते. फाडलेली कड तंतुमय असते, ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. मुलांना एक पान वरून खाली फाडायला सांगा आणि दुसरे आडवे. उभे पान जवळजवळ सरळ रेषेत फाटते, आडवे वेडेवाकडे जाते, कारण कारखान्यात कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेला वळतात. चार वर्षांचे मूलही हा खेळ अर्धा तास खेळते, आणि तेवढ्यात हत्तीपुरत्या पट्ट्या तयार होतात. मोठ्या सपाट भागासाठी दोन-तीन सेंटीमीटर रुंद, वळणांसाठी एक सेंटीमीटर.

खळ, म्हणजे इकडे जिला लेई म्हणतात ती, शिजवलेलीच हवी. 100 ग्रॅम मैदा 200 मिलिलिटर थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा. दुसरीकडे 600 मिलिलिटर पाण्याला उकळी आणून त्यात तो धारेने सोडावा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे सतत ढवळावे. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक दिसू लागली की गॅस बंद. बऱ्याच कृतींत मैदा नुसता पाण्यात कालवायला सांगतात. तसे केल्यास पिठूळ, भुसभुशीत लेप बसतो, पकड येत नाही आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. वर सांगितलेली खळ एका हत्तीला पुरून उरते. उरलेली फ्रीजमध्ये तीन दिवस राहते, त्यापुढे टाकून द्यावी.

खळीत काय घालावे, याबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पुस्तकबांधणीच्या दुकानात खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असते; मुलांचे हात ज्या भांड्यात जाणार, त्यात ते चिमूटभरही नको. दुसरी गोष्ट मिठाची. बुरशी लागू नये म्हणून मीठ सुचवतात ते बरोबर आहे, पण एवढ्या खळीला एक चमचा बस. मीठ हवेतली ओल ओढते. जास्त झाले तर पावसाळ्यात वस्तूला घाम फुटल्यासारखी ती ओलसर लागते आणि रंग चिकट होतो. त्यापेक्षा मेथ्या बऱ्या. जुन्या बायका सुपांना आणि टोपल्यांना कागद-मेथ्यांचा लगदा लिंपत, त्यामागे दोन कारणे होती: भिजलेली मेथी बुळबुळीत होऊन डिंकासारखी चिकटते आणि तिच्या कडूपणामुळे किडे लांब राहतात. दोन मोठे चमचे मेथी रात्रभर भिजवून, बारीक वाटून खळीत मिसळावी.

पहिल्यांदा करणाऱ्या मुलाने वाटी करावी. स्टीलची वाटी पालथी घालून तिच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्यांचा द्यावा, खळ दुसऱ्या थरापासून. मग वाटी सुटून येते आणि तेल-व्हॅसलीनची भानगड राहत नाही. तोंडापेक्षा पोट मोठे असलेले भांडे साचा म्हणून घेऊ नये. कागद वाळला की ते आतच अडकते. पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ निथळवायची. ही एक सवय मुलांना लागली की निम्मे काम झाले. ठिबकणारी पट्टी जड होते, घसरते, तिला सुरकुत्या पडतात आणि ती वाळायला दुप्पट वेळ घेते. एक थर उभा, पुढचा आडवा. आपण कुठपर्यंत झाकले हे मुलांना कळत नाही, कारण सगळेच करडे दिसते. यासाठी एक थर साध्या दैनिकाचा आणि दुसरा गुलाबी कागदाच्या आर्थिक दैनिकाचा द्यावा. राहिलेली जागा लगेच नजरेत भरते. वाटीला पाच थर पुरतात.

फुगा मात्र ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात जपून वापरावा. सावलीत फुगवलेला फुगा गच्चीवर उन्हात ठेवला की आतली हवा प्रसरण पावते आणि ओला कागद चिरतो; रात्री हवा आकसते आणि फुगा कागदापासून सुटून आत सुरकुत्या पडतात. पहिले दोन थर वाळेपर्यंत तो घरातच पंख्याखाली ठेवावा.

आता हत्ती. साधारण वीतभर उंचीचा धरू या. धड म्हणजे कोरड्या वर्तमानपत्राचा घट्ट चुरगळलेला, नारळाएवढा लांबट गोळा, सुतळीने सगळीकडून आवळलेला. अंगठ्याने दाबून पाहा. दबत असेल तर अजून कागद घालून पुन्हा आवळा, नाही तर पाठ पुढे खचते. डोके त्याच पद्धतीने, मोठ्या लिंबाएवढे. सोंड चिकटवायची नाही. 45 सेंटीमीटर मऊ तार घ्या, ती धडाच्या मागून घालून डोक्याच्या पुढून बाहेर काढा. पुढचे टोक सोंड, मागचे शेपूट. एकच तार आरपार असली की सोंड तुटायला जागाच उरत नाही, आणि डोकेही धडाला धरून राहते. तारेची दोन्ही टोके पक्कडीने गोल वळवावीत, म्हणजे टोचत नाहीत. तार लोखंडी असेल तर तिला आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळावी, नाही तर ती ओल्या खळीत गंजते आणि सोंडेवर तपकिरी डाग उमटतात, जे दोन हात पांढऱ्या रंगातूनही वर येतात.

पाय चार: प्रत्येकासाठी एक जोडपान लांबीत चौपदरी दुमडून, घट्ट गुंडाळून अंगठ्याच्या दुप्पट जाडीची नळी करावी. चारही नळ्या एकदम कापाव्यात, म्हणजे उंची सारखी येते. नुसत्या बुडाशी चिकटवलेले पाय हत्तीच्या वजनाने फाकतात. प्रत्येक पायावरून पाठीपर्यंत जाणाऱ्या दोन चिकटपट्ट्या फुलीसारख्या लावाव्यात, आणि पहिल्या थरातल्या लांब कागदी पट्ट्याही पायावरून थेट पाठीवर न्याव्यात. कानांना मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. कानाच्या आतल्या कडेला दोन सेंटीमीटर जादा पुठ्ठा ठेवून त्याचे तीन तुकडे चिरायचे. मधला पुढे, बाजूचे दोन मागे वळवून डोक्यावर बसवायचे. असा कान उपटूनही निघत नाही. पुठ्ठ्याला एकाच बाजूने ओला कागद लागला की तो द्रोणासारखा वळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पट्ट्या लावाव्यात. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवून दोन पुठ्ठ्यांत धरावे आणि कपड्यांचे चिमटे लावावेत. दोनेक तासांनी प्लॅस्टिक आणि पुठ्ठे काढून कान मोकळे वाळू द्यावेत.

दिवसाला एक थर, उन्हाळ्यात फार तर दोन. पहिल्या दिवशी सांगाडा आणि एक थर, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चौथा, चौथ्या दिवशी हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी गंडस्थळाचे उंचवटे, नखे, पापण्या असे बारकावे लगद्याने करायचे, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा वाळवण. आठव्या दिवशी पांढरा हात, नवव्या दिवशी घासणे आणि दुसरा पांढरा हात, दहाव्या दिवशी रंग. मुलाला रोज अर्धा-पाऊण तासच बसावे लागते. रोज सकाळी उठून हत्ती किती वाळला हे पाहण्यात त्याला जी गोडी लागते, ती एका दुपारच्या घाईत लागत नाही.

लगद्याची कृती अशी. वर्तमानपत्राची बारा जोडपाने म्हणजे साधारण 200 ग्रॅम कागद. हत्तीच्या बारकाव्यांना याचा चौथा हिस्सा पुरे. इंचभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास उकळावेत. मिक्सरमध्ये मूठभर कागदाला अर्धे भांडे पाणी या हिशेबाने, दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवावे. पाणी कमी पडले की तंतू पात्यांना गुंडाळतात आणि मोटार तापून वास येतो. भांडे चटणी-मसाल्याचे नको. जुने, या कामासाठीच ठेवलेले हवे. पंचात घालून पिळताना प्रमाण महत्त्वाचे: मुठीत दाबल्यावर चार-सहा थेंब गळावेत. कोरडा पिळलेला लगदा नंतर कितीही खळ घातली तरी कण्या-कण्यांचा राहतो, आणि ओला राहिलेला लगदा हत्तीच्या कपाळावरून डोळ्यांवर उतरतो. 200 ग्रॅम कागदाच्या पिळलेल्या लगद्याला एक वाटी खळ, 100 ग्रॅम खडूची पूड आणि चार मोठे चमचे फेविकॉल घालून कणकेसारखे मळावे. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती वळवून पाहा. भेगा पडल्या तर खळ कमी आहे, बोटाला चिकटून राहिली तर खडूची पूड कमी आहे. गाळलेले पाणी मोरीत ओतण्याआधी आणखी एकदा फडक्यातून गाळावे, नाही तर हे तंतू नळीत साठून पाणी तुंबते.

लगद्याचा थर एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नये. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी वाळून कडक होतो, आतली ओल कोंडते आणि आठवड्याने वास येतो. त्या वेळी वरून रंग लावून उपयोग नाही. तो भाग खरवडून काढावा लागतो. बारीक भेग पडली असेल तर तिच्या कडा ओल्या करून, जास्त खडू घातलेला पातळ लगदा बोटाने भरावा. कोरड्या कडेवर तो धरत नाही.

वाळवण कशी करावी, यात या गावातली सर्वांत मोठी चूक कूलरची. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू असतो, त्याचे वारे जोरात येते म्हणून मुले वस्तू त्याच्यासमोर ठेवतात. ते वारे खसाच्या ओल्या ताट्यांतून येते. त्या खोलीत हत्ती तीन दिवस ठेवला तरी ओलाच राहतो. कूलर नसलेली खोली आणि पंखा, किंवा गच्चीवर जिन्याच्या सावलीत, ही योग्य जागा. पहिला दिवस सावली, मग ऊन. थेट दुपारच्या उन्हात ठेवले की उन्हाकडची बाजू आधी आकसते आणि वस्तू तिकडे वाकते. दर तासाने फिरवायचे, आणि खाली पाट न ठेवता चाळण किंवा जाळी ठेवायची, म्हणजे तळालाही हवा लागते.

वाळले की नाही हे हाताने नीट कळत नाही. गालाला लावून पाहावे: गार लागले तर आत ओल आहे, कारण बाष्प उडताना पृष्ठभाग थंड राहतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर आणखी खात्रीचे: सकाळी आणि संध्याकाळी वजन करून वहीत लिहावे. दोन्ही आकडे सारखे आले की वाळले. आठ-दहा वर्षांची मुले हे काम मन लावून करतात, आणि ओला हत्ती कोरडा होताना किती हलका होतो हे पाहून थक्क होतात.

पांढरा हात दिल्याशिवाय रंग लावू नये. नाही तर छापील अक्षरे वर दिसतात आणि कागद रंग पिऊन टाकतो. खडूची पूड दोन भाग, फेविकॉल एक, पाणी एक. वाळल्यावर 150 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे, तेही घराबाहेर आणि नाका-तोंडावर रुमाल बांधून. काश्मीरचे पेपरमॅशे कारागीर पांढऱ्या लेपाखाली पातळ कागदाचा एक थर देतात, त्यामुळे लेपाला चिरा जात नाहीत. आपल्याला तोच उपयोग पतंगाच्या पांढऱ्या कागदाचा होतो. पोस्टर रंगांवर पाण्याचे व्हार्निश फिरवले की रंग पसरतात, म्हणून ॲक्रिलिक घ्यावे. खर्च वाचवायचा तर गेरू आणि पिवडी फेविकॉलच्या पाण्यात कालवून लावावी. हत्तीच्या झुलीला ते रंग फार शोभतात.

नक्षीसाठी लांब जायला नको. आपल्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराच्या (1486 ते 1516) मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, केळीची झाडे आहेत. मुलांना एकदा तिथे नेऊन वहीत ती बदके उतरवून घ्यायला लावा. वाटीच्या काठाला निळी पट्टी आणि तिच्यावर पिवळी बदके, इतके सोपे आणि इतके आपल्या गावचे दुसरे काही सापडणार नाही.

दोन ठिकाणी मात्र हा लगदा नको. एक, खाण्याच्या वस्तूंना. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच बजावले आहे, ते छपाईच्या शाईमुळे. कागदाच्या वाटीत बांगड्या, पेन्सिली, सुट्टी नाणी ठेवावीत, चिवडा नको. काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत, आणि तोंडात बोटे घालणाऱ्या लहानग्यांना छापील कागदाऐवजी कोरा कागद द्यावा. दुसरे, गणपती. लगद्याची मूर्ती हलकी असते म्हणून ती पर्यावरणाला बरी असा समज आहे. बादलीत विसर्जन करून पाहा: शाडूची माती तळाशी बसते, ती पुढच्या वर्षी वापरता येते, कागदाचे तंतू शाई-रंगासकट पाणीभर पसरतात आणि ते पाणी कुठे ओतायचे हा प्रश्न राहतो. मूर्ती शाडूचीच करावी. मखर, उंदीर, मोदकांचे खोटे ताट हे लगद्याचे चालेल, ते वर्षानुवर्षे टिकते. जवळ पणती-समई मात्र ठेवू नये, कागद तो कागदच.

शाळांनाही एक सांगणे आहे. टाकाऊतून टिकाऊ वस्तू उद्या घेऊन या, असा निरोप संध्याकाळी येतो, आणि रात्री आई-वडील हेअर ड्रायर घेऊन बसतात. गरम झोताने वरचा थर कडक होतो, आत ओल तशीच राहते, आणि शाळेच्या कपाटात पंधरा दिवसांत त्या वस्तूला बुरशी येते. पंधरा दिवस आधी सांगितले तर मूल ते स्वतः करील.

हत्ती तयार झाला की आश्विनापर्यंत जपायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आतल्या आत ओल धरते. जुन्या सुती कापडात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह गुंडाळून भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवावा. खळीच्या वासाने झुरळे, कसर आणि उंदीर येतात, आणि बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते. पहिला मोठा पाऊस झाला की एकदा उघडून पोटाखाली आणि कानांच्या मागे पाहावे. पांढुरके ठिपके दिसले तर बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकून, उघडीप मिळेल त्या दिवशी दोन तास ऊन द्यावे आणि पाला बदलून पुन्हा गुंडाळावा.

आपल्या,
मुलांचे हस्तकला वर्ग घेणाऱ्या दोन शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर